चांगली सायकल म्हणजे काय? ट्रायथलॉनच्या साधनांची एक चिकित्सा

(वसईत झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या, ते इथून दिसतंय. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला, जिना चढताना गुडघे कुरकुरणारा हा माणूस पोहणं, सायकल आणि धावणं यांच्या साहित्यावर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्ही ट्रायथलॉन केलेली नाही आणि या जन्मी करणारही नाही. (हशा) पण या विषयात आम्ही एकदा सल्ला दिला होता, आणि तो चुकला. आजचं व्याख्यान हे त्या चुकीचं प्रायश्चित्त आहे, असं समजा.

झालं असं. तीनेक वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. नालासोपाऱ्याला राहतो, अंधेरीला नोकरी, रोजची विरार लोकल. डिसेंबरातली आपली वसई-विरारची मॅरेथॉन त्याने दोनदा पूर्ण केली होती. आता त्याला गोव्याच्या अर्ध्या आयर्नमॅनला उतरायचं होतं. मोबाइलवर एका कार्बनच्या सायकलचा फोटो दाखवून म्हणाला, "सर, सोळा हप्त्यांत मिळतेय. घेऊ का?" आम्ही त्याच्याच मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले, एक तुलनात्मक लेख वाचला. सगळे म्हणत होते, या किमतीत सर्वोत्तम. आम्ही म्हणालो, "उत्तम आहे, घे."

सायकल उत्तमच होती. फक्त ती त्याच्या मापाची नव्हती. विकणाऱ्याने सांगितलं, "तुमच्या उंचीला हीच चालते," कारण दुकानात तेवढीच शिल्लक होती. दोन महिन्यांत हाताची बोटं बधिर व्हायला लागली, मग मान, मग गुडघा. गोव्याला तो गेलाच नाही. सायकल निम्म्या किमतीत विकली आणि उरलेले हप्ते फेडत राहिला. आम्हाला मात्र तो एका शब्दाने बोलला नाही. हे सगळं आम्हाला वर्षभराने, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. ज्याने तीस वर्षं मुलांना प्रमाणशास्त्र शिकवलं, ज्ञान कशाला म्हणायचं आणि नुसतं मत कशाला म्हणायचं ते शिकवलं, त्याने दोन व्हिडिओ पाहून 'उत्तम' हा निवाडा दिला. त्या दिवसापासून आम्ही या साहित्याची परीक्षणं वाचू लागलो, अगदी एखाद्या ग्रंथावरची टीका वाचावी तशी. त्यातून जे हाती लागलं, ते आज मांडतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, मध्ये विश्रांती नाही. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. गोव्यात २०१९च्या ऑक्टोबरात मिरामारला सुरू झालेली स्पर्धा याच्या निम्मी: १.९ किलोमीटर समुद्रात, ९० सायकलवर, २१.१ पायांवर.

पहिली आयर्नमॅन १९७८ साली हवाईत झाली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॅलर नावाचा पहिला आला, त्याला पावणेबारा तासांहून थोडा जास्त वेळ लागला. दुसरा आलेला जॉन डनबार, त्याच्या मदतनिसांजवळचं पाणी संपलं तेव्हा त्याला बिअर प्यावी लागली. (हशा) त्या दिवशी खास ट्रायथलॉनसाठी बनवलेली एकही वस्तू कुणाच्या अंगावर नव्हती, कारण तशी वस्तू जगात अस्तित्वातच नव्हती. साधनं नंतर आली, बाजार त्याच्याही नंतर आला. आज नवखा माणूस विचारतो, "काय काय घ्यावं लागेल?" पहिल्या पंधरांना हा प्रश्नच पडला नसेल. त्यांचा प्रश्न एवढाच असणार, की जमेल का?

याचा अर्थ साधनं फुकाची आहेत, असा काढू नका. तो सोपा वैराग्याचा मार्ग झाला, आणि तो खोटा आहे. १९८९ची टूर द फ्रान्स घ्या. शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड हा लॉराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. उरलं होतं फक्त साडेचोवीस किलोमीटर, एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायचं. लेमाँडने ट्रायथलॉनवाल्यांकडून उचललेलं पुढे निघालेलं हँडल लावलं. त्यावर कोपरं टेकून माणूस आडवा होतो, हवेला कमी अडतो. डोक्याला निमुळतं हेल्मेट. फिन्यों उघड्या डोक्याने, केसांची शेंडी वाऱ्यावर. तीन हजारांहून अधिक किलोमीटरची ती शर्यत लेमाँडने आठ सेकंदांनी जिंकली. तेव्हा साधनाने फरक पडतो, निश्चित पडतो. पण कुठल्या साधनाने, कुणाला आणि का, हे विचारायचं.

आता मूळ शब्दाकडे येऊ. 'चांगला.' ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलंय, की वस्तूचं चांगलेपण तिच्या कार्यावरून ठरतं. चाकू चांगला म्हणजे नीट कापणारा. पण भाजी चिरायचा चांगला चाकू वेगळा आणि कोळणीची पापलेट कापायची सुरी वेगळी. म्हणजे 'चांगला' हे विशेषण एकटं उभंच राहू शकत नाही. त्याला तीन टेकू लागतात: कुणासाठी, कशासाठी, कुठे. साहित्याच्या परीक्षणांतला पहिला दोष हाच. ती 'सर्वोत्तम' म्हणतात आणि तिन्ही टेकू काढून घेतात. वाचणाऱ्याला वाटतं, गुण वस्तूतच भरलेला आहे, पैसे मोजले की आपल्याकडे येईल.

मग परीक्षण वाचायचं कसं? आपल्याकडे गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. हीच चार चाळणी म्हणून लावून बघू.

प्रत्यक्ष. दुकानात सायकलवर बसून गल्लीत एक चक्कर मारली, झकास वाटली. हे प्रत्यक्ष खरं, पण पाच मिनिटांचं. नव्वद किलोमीटरच्या वेदना पाचव्या मिनिटाला कळत नाहीत. बूट घालून चार पावलं टाकली, मऊ लागले. मऊ लागणं आणि विसाव्या किलोमीटरला साथ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण काही साधनांची परीक्षा मात्र प्रत्यक्षाने दुकानातच होते. पोहण्याचा चष्मा घ्या. पट्टा डोक्यावर न ओढता नुसता डोळ्यांच्या खोबणीवर दाबा आणि हात काढा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याचा, गळून पडला तर नाही, मग तो जगज्जेत्याच्या चेहऱ्यावर कितीही शोभो.

अनुमान. इथे सगळ्यात मोठी फसगत होते. कार्बनची पट्टी घातलेले जाड तळव्याचे बूट २०१७पासून गाजले. चार टक्के ऊर्जा वाचते, असा बोलबाला झाला. तो आकडा हवेतून आलेला नव्हता, प्रयोगशाळेत मोजलेला होता. पण कुणावर? अत्यंत वेगवान पुरुष धावपटूंवर, ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगाने. प्रयोगाला पैसा बूट बनवणाऱ्या कंपनीचाच होता, तिचे कर्मचारी संशोधकांत होते, आणि निबंधात तसं उघड लिहिलंही होतं. आता आमचा विद्यार्थी धावतो ताशी नऊने. न्यायशास्त्रातला नेहमीचा दाखला आठवा. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. धूर निघायला सरपण ओलं असावं लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. 'हे बूट घातले की वेग वाढतो' या वाक्यातली उपाधी आहे तुमचा मूळ वेग. पुढे मंद वेगावर चाचण्या झाल्या, तेव्हा सरासरी फायदा बराच कमी भरला. जाहिरातीत आग दिसते, सरपण ओलं की सुकं ते कुणी सांगत नाही.

वजनाचंही तेच. 'एक किलोने हलकी' म्हणून पन्नास-साठ हजार जास्त मोजणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. हिशोब करून बघू. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना सायकलस्वाराला दीडशे वॉटच्या आसपास शक्ती लागते. एक किलो कमी केल्याने टायरच्या घर्षणात वाचतो सुमारे ०.४ वॉट. अर्धा वॉटसुद्धा नाही! घाटात फरक पडतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो असतील, तर तासाभराच्या चढणीवर एका किलोमागे पाऊण मिनिट वाचेल. पण वसईत घाट कुठाय? निर्मळपासून अर्नाळ्यापर्यंत सगळं तळहातासारखं सपाट. सपाटीवर झगडा असतो हवेशी. वेग दुप्पट केला तर हवेशी झगडायला आठपट शक्ती लागते. आणि त्या हवेला अडतं कोण? मुख्यतः सायकल नव्हे, तिच्यावर बसलेला माणूस. म्हणजे लेमाँडने जे केलं ते, शरीराची बैठक सुधारणं. नीट मापाच्या सायकलवर कमी वाकून दुखणं आणि चुकीच्या मापाच्या सायकलवर वाकताच न येणं, हा सगळा खेळ मापाचा आहे. किमतीचा नंतर.

उपमान. याचा परंपरेतला दाखला गवयाचा. रानगाय कशी असते? गाईसारखी. ज्याला गाय ठाऊक आहे, तो रानात गेल्यावर गवय ओळखतो. मुद्दा असा, की तुलनेला आधी स्वतःची गाय लागते. परीक्षणांतले तक्ते अनोळखी सायकलची दुसऱ्या अनोळखी सायकलशी तुलना करतात. त्यातून आपल्याला काय कळणार? त्याऐवजी घरात आहे ती जुनी सायकल बाहेर काढा. टाच पेडलवर ठेवून, पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ होईल इतकी सीट वर करा. तिच्यावर महिनाभर चालवा. अंग दुखत नसेल तर मापपट्टी घेऊन सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर आणि दोघांच्या उंचीतला फरक लिहून ठेवा. ती तुमची गाय. नवी सायकल घेताना तेच आकडे तिच्याशी ताडून बघा. आमच्या विद्यार्थ्याकडे भावाची जुनी सायकल होती, ती त्याला बेताची बसायची. मापपट्टी आणि दहा मिनिटं, इतक्याने त्याचे सोळा हप्ते वाचले असते. हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

आणि चौथं, शब्द. आपलं बहुतेक ज्ञान दुसऱ्यांच्या सांगण्यावरूनच येतं, त्यात कमीपणा नाही. प्रश्न एवढाच, की सांगणारा 'आप्त' आहे का? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन आप्ताची ओळख सांगतो: ज्याला त्या विषयाचं साक्षात ज्ञान आहे, आणि ते जसं आहे तसं सांगायची ज्याची इच्छा आहे. दोन्ही अटी हव्यात. पुढे तो म्हणतो, ही ओळख ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखीच लागू. काय मोकळं मन आहे बघा! जात, पदवी, प्रतिष्ठा यांतलं काही लागत नाही.

या दोन अटी लावा. फुकट मिळालेले बूट आठवडाभर वापरून बोलणारा, त्याची पहिली अट अर्धी आणि दुसरी शंकास्पद. विश्वविजेता? त्याला साक्षात ज्ञान आहे, पण त्याच्या शरीराचं. शिवाय करारात बांधलेला आहे. निवृत्त प्राध्यापक? (हशा) त्याची इच्छा शुद्ध, ज्ञान शून्य. म्हणून तोही आप्त नव्हे, आणि हे त्याला आधी कळायला हवं होतं. आणि स्टेशनजवळ तीस वर्षं पंक्चर काढणारा माणूस? वसईच्या रस्त्यांवर कुठला टायर किती टिकतो, खाऱ्या हवेत कुठली चेन आधी गंजते, कुठला सुटा भाग इथे मिळतो आणि कुठल्यासाठी महिनाभर थांबावं लागतं, याचं साक्षात ज्ञान त्याला आहे. त्याला कुणी मुलाखतीला बोलवत नाही. पण वात्स्यायनाच्या मोजमापाने आप्त आहे तो.

इथे तिसरा टेकू येतो: कुठे. साहित्याची बरीचशी परीक्षणं थंड मुलखात लिहिलेली असतात. वेटसूट म्हणजे पोहायचा रबरी पोशाख, त्याचं केवढं माहात्म्य! तो अंग तरंगतं ठेवतो, वेग वाढतो, सगळं खरं. पण आयर्नमॅनच्या नियमांत पाणी २४.५ अंशांपेक्षा गरम असेल, तर हौशी स्पर्धकाला तो घालून बक्षिसावर हक्क सांगता येत नाही, आणि २८.८ अंशांच्या वर तर तो घालायलाच मनाई. गोव्याचा ऑक्टोबरातला समुद्र पहिल्या मर्यादेच्या चांगलाच वर असतो. म्हणजे इथे वेटसूट घेणं हे वसईत स्वेटरचं कपाट करण्यासारखं आहे. काळ्या आरशाच्या काचांचा चष्मा लखलखीत उन्हातल्या निळ्या पाण्यात बरा. आपलं पाणी गढूळ, त्यात पहाटेचा अंधार, तिथे फिकी काच हवी. कमी भोकांचं निमुळतं हेल्मेट हवा कापतं खरं, पण आपल्या दमट उकाड्यात डोकं शिजतं. टायर अगदी बारीक आणि टणक भरलेला असला की वेगवान, अशी जुनी समजूत. खडबडीत रस्त्यावर तो माणसाला हादरवतो आणि त्या हादऱ्यात शक्ती वाया जाते. २५ किंवा २८ मिलिमीटरचा टायर, थोडी कमी हवा, हे इथे शहाणपणाचं.

आता पैशाचं बोलू, कारण इथे बसलेले बहुतेक जण पगारातून बाजूला काढून घेणारे आहात. आमच्या मते खर्चाचा क्रम असा. पहिलं, जीव वाचवणारं: प्रमाणित हेल्मेट. ते एकदा जोरात आपटलं की बदलायचं, वरून धड दिसलं तरी, कारण आतला फेस एकदाच दबतो. पहाटे महामार्गाकडे जात असाल तर मागचा लाल दिवा. समुद्रात सराव असेल तर कमरेला बांधायचा रंगीत फुगा. आणि कळंब-राजोडीच्या पाण्यात एकट्याने उतरायचं नाही, भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय तर नाहीच. तिथल्या कोळ्याला विचारा, तोही आप्त आहे. दुसरं, शरीराला टेकणारं: बूट, सीट, चष्मा, पँटची गादी. तिसरं, माप बसवून घेणं. चौथं, देखभाल: चेनचं तेल, समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने सगळं धुणं. आणि वेग विकत घेणं, ते शेवटी. बाजार हा क्रम नेमका उलटा मांडतो, कारण नफा शेवटच्या पायरीवर आहे. कर्ज काढून तूप प्यायचा सल्ला चार्वाकाच्या नावावर खपवतात, पण ते तूप निदान पोटात तरी जायचं! आमच्या विद्यार्थ्याचं तूप दुसऱ्याच्या ताटात गेलं आणि कर्ज याच्याकडे राहिलं.

शेवटचा मुद्दा. साधन आणि साध्य यांचं नातं. या खेळाचं साध्य काय? तास-मिनिटं? काहींसाठी असेल. पण नालासोपाऱ्याचा तो मुलगा, दिवसाचे तीन तास लोकलमध्ये उभा राहणारा, पहाटे साडेचारला उठून भुईगावच्या रस्त्याला का लागत असेल? आम्हाला वाटतं, दिवसातले हे दोन तास तरी आपल्या शरीरावर आपली मालकी आहे, हे अनुभवायला. ज्या साधनाने ती मालकी वाढते ते चांगलं. ज्याच्या हप्त्यापायी ओव्हरटाइम करावा लागतो आणि ती पहाटच हातची जाते, ते साधन कितीही हलकं असो, जड आहे.

तो विद्यार्थी गेल्या महिन्यात भेटला. आम्ही त्याची माफी मागितली. तो संकोचला, म्हणाला, "सर, तुम्ही काय मुद्दाम सांगितलंत का? मीच तुमचं तोंड बघून ठरवलं." बघा, आप्त नसलेल्यालाही विश्वास मिळतो, आणि म्हणूनच बोलणाऱ्याची जबाबदारी मोठी. त्याने आता जुनी ॲल्युमिनियमची सायकल घेतली आहे, वापरलेली, मापाची. मापपट्टी घेऊन तपासायला आम्ही बरोबर गेलो होतो. या वेळी आम्ही फक्त पट्टीचं एक टोक धरलं, निवाडा दिला नाही. (हशा, टाळ्या)

एक प्रश्न घेतो. हं, मागे बसलेली मुलगी. विचारतेय की, "सर, मग महागडं काही घ्यायचंच नाही का?" अगं, घे की! हौसेलाही मोल आहे, आणि सुंदर यंत्राचा आनंद हा खराखुरा आनंद आहे. फक्त घेताना स्वतःशी खरं बोल. 'याने मी वेगवान होईन' म्हणून घेऊ नकोस. 'मला ही आवडते, परवडते आणि माझ्या मापाची आहे' म्हणून घे. पहिलं अनुमान आहे, तपासावं लागेल. दुसरं प्रत्यक्ष आहे, त्याला आमच्या पसंतीची गरज नाही.

वेळ झाली. आम्ही इथेच थांबतो. नमस्कार.